बाबूसिंगचा पाय

तालुक्याच्या कोनत्या गावात हे घडलं ते मी सांगनार नाई. तिथले लोक अजून बाजाराच्या दिवशी माह्याकडून वांगे घेतात, अन् भाजीवालीनं गिऱ्हाइकाच्या गावची इज्जत काढली त तिची टोपली भरलीच्या भरली घरी येते. बाकी मात्र सारं सांगते. देवानं जीभ देल्ली ते काय नुसती चव घ्याले देल्ली नाई.

माहं नाव हौसाबाई. तालुक्यापासून कोसभर आमचा मळा, नाल्याच्या काठानं. हिरीवर मोट, दोन बैल, अन् मालक. मालक म्हंजे बापूराव, माहा नवरा. बोलाले कमी अन् हट्टाले पुरा. आमी वांगे, गाजर, मेथीच्या अन् सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाजारात नेत होतो, अन् बांधाच्या कडेनं झेंडू लावत होतो. आमाले एकच लेकरू, नथ्थू. त्या साली तो सातवीत होता अन् रोज नाल्यानाल्यानं तालुक्याच्या शाळेत पायी जाये. हे सारं इंग्रजाच्या राज्यातलं, दुसऱ्या लढाईच्या आधीचं.

शाळेचे हेडमास्तर नानाजी. धोतर पांढरं, उपरनं त्याहून पांढरं, अन् बोलनं असं का ऐकनाऱ्याले वाटे आता हातावर पेढा ठेवते का काय. पेढा कदी ठेवला नाई. त्या हिवाळ्यात त्यायले वरून हुकूम आला, का सातवीच्या पोरायले नुसतं पुस्तकात कोंडू नका. गावात जे जे कामं चालतात तिथं न्या. कापसाचं जीन दाखवा, कचेरी दाखवा, दवाखाना दाखवा. कोन काय काम करते, कसं करते, हे पोरायनं डोळ्यानं पाहावं अन् मंग ठरवावं का आपल्याले काय व्हायचं.

हुकूम काई वाईट नव्हता. मी बी नथ्थूले म्हनलं, "जाय बावा, पाहून घे. आमी त हिरीच्या बाहेर काई पाह्यलं नाई."

पन हुकूम चांगला असला म्हून काय होते. तो नानाजीच्या हातात पडला.

एका सकाळी मास्तर सोता मळ्यात आले. मी म्हनलं, पोरानं काई उपद्व्याप केला का काय. त मास्तर झेंडूकडे पाहून गोड हसले.

"हौसाबाई, शाळेचं काम आहे. मुलं जिथं जिथं जातील तिथल्या साहेबांना हार लागतील. दवाखान्याला तर कमान करायची आहे. फुलं तुझ्याकडून."

"किती?"

"आता शाळेच्या कामात किती काय विचारायचं? तुझाच मुलगा शिकतो आहे ना."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी फुलं देल्ले. हार बी मीच ओवले, काहून का मास्तरच्या बायकोचं बोट दुखे.

पहिले पोट्टे गेले जिनात. कापसाचा हंगाम, बैलबंड्यायच्या रांगा लागलेल्या, इंजनाची भकभक आमाले मळ्यात ऐकू येये. त्या दिवशी दुपारी इंजन बंद पडलं. मले वाटलं, कोनाचा हात गेला का काय मशिनीत. सांजच्याले नथ्थू घरी आला त मी इचारलं.

"हात गेला नाई," तो म्हने. "आमी पाव्हने होतो ना, म्हून मॅनेजरसायबानं इंजन थांबवलं. कापूस निवडनाऱ्या बायायले बाहेर काढलं, सारी जागा झाडून घेतली. गोविंदसिंग मॅनेजर खुर्चीवर बसले, मास्तरनं हार घातला. मंग भाषन झालं. मंग आमाले इलायचीदाने वाटले."

"अन् सरकी काढाचा रेचा पाह्यला का नाई?"

"पाह्यला. त्याले बी हार घातला होता."

हसा तुमी, मी बी हसली. पन यात एक गोष्ट हाये. आमच्या मुलखात पाव्हना दारात आला की हातचं काम ठेवा लागते. पाव्हन्यासमोर काम करत राह्यलं त त्याले वाटते, याले आपली पर्वा नाई. म्हून दळता दळता कोनी आलं त मी बी जातं थांबवते अन् म्हन्ते, बसा. रीत चांगली हाये. पन पाव्हना जर दळनच पाह्याले आला असन, त? तवा जातं थांबवून त्याच्या गळ्यात हार घालनारा मानूस बह्याडच म्हनावा. अन् तालुक्यात त्या हिवाळ्यात सारेच बह्याड झाले होते.

कचेरीत बी तेच. तहसीलदारसाहेबानं पोट्टे येनार म्हून त्या दिवशीच्या तारखाच पुढे ढकलल्या. दूरदूरच्या खेड्यावरून आलेले फिर्यादी, पोटाले भाकर बांधून आलेले, त्यायले उन्हात उठवून देल्लं. पोरायनं काय पाह्यलं? एक गादी, एक टेबल, अन् टेबलामांगं एक जाडा मानूस, गळ्यात माहा झेंडू.

नथ्थूनं हे सांगतलं तवा मालक खाटेवर पडून होते. ते इतकंच बोलले, "मंग मी बी साहेब झालो म्हना. दोन दिवसापासून नुसता बसून राह्यलो."

आता त्यायच्या पायाचं सांगते, काहून का सारी गोष्ट त्या पायाची हाये. कुंपन करता करता मालकाच्या डाव्या पायात बाभळीचा काटा घुसला, बोटायच्या बुडाशी. अर्धा निघाला, अर्धा आत राह्यला. मी म्हनलं, दवाखान्यात चला. त म्हने, काट्यासाठी कोनी दवाखान्यात जाते काय. बिब्बा लावला. हळद लावली. शेजारच्या बुढीनं अंबाडीचं पोटीस बांधलं. पाय सुजत गेला. तरी सकाळी उठून मोट हाकाले जाये हा मानूस, एका टाचेवर. मी बोंबलली त म्हने, "मोट कोन हाकन, तू?" शेवटी मीच हाकली. तवा कुठी खाटेवर पडले.

ज्या दिवशी दवाखान्याची पाळी होती त्याच्या आदल्या रात्री त्यायले ताप भरला. सकाळी मी पट्टी सोडली त दोन बोटं काळेनिळे झालेले, अन् लाली घोट्याच्या वर चढलेली. वास असा की मले तोंड फिरवा लागलं. माह्या माहेरी इंझोरीले एका मानसाचा असाच पाय मी लहानपनी पाह्यला होता. लाली गुडघ्यापर्यंत गेली अन् मंग तो मानूस काई राह्यला नाई. ते मले चांगलं याद होतं.

नथ्थू त पाह्यटीच निघून गेला होता, कमान बांधाले. फुलायची टोपली बी घेऊन गेला. बापाचा ताप त्याले माहीत होता, पन पाय इतका बिघडला हे कोनालेच माहीत नव्हतं, पट्टीखाली होतं ते. मी बंडी जुपली, तनसाचं अंथरून केलं, मालकाले वर घेतलं अन् सोता हाकत निघाली. रस्त्यात लोक पाहेत, बाई बंडी हाकून राह्यली म्हून. पाह्यना का. डोळे त्यायचे, बंडी माही.

दवाखान्याच्या फाटकाले कमान होती. आंब्याचे पानं अन् माहाच झेंडू. कमानीखाली बाबूसिंग चपराशी उभा, डोक्शाले नवा फेटा, मिशाले तेल.

"बंडी मांगं घे," तो म्हने. "आज बिमार बंद."

"बिमार बंद म्हंजे? बिमारी बंद झाली का तालुक्यातली?"

"आज शाळा येनार हाये. डॉक्टरसायबाचा हुकूम हाये, एक बी बिमार दिसला नाई पाह्यजे. पोरायच्या मनावर वाईट परिनाम होते."

"अरे पन पोट्टे दवाखानाच पाह्याले येऊन राह्यले ना?"

"म्हून त साफ केला," बाबूसिंग म्हने, अन् त्याले काईच चूक वाटली नाई त्यात.

मी हातापाया पडली. होय, पडली, त्याची मले लाज नाई. पाय माह्या मालकाचा होता. बाबूसिंग मनानं काई वाईट नव्हता, पन हुकमाचा बंदा. त्यानं बंडी अहात्याच्या भिंतीमांगं न्याले लावली. तिथं आधीच सारे बिमार नेऊन बसवले होते. एक मनकर्णाबाई नावाची बुढी होती, खोकून खोकून वाकलेली. एक बाई, तिच्या कडेवर तापानं भाजलेलं लेकरू. एकाचं डोक्सं फुटलेलं. भिंत छातीइतकी होती. बसलं की दिसत नाई, उभं राह्यलं की दिसते. म्हून बाबूसिंग घडीघडी येऊन म्हने, "बसा, बसा. खोकू नका."

मनकर्णाबाई म्हने, "मुडद्या, खोकला काय माह्या इचारानं येते?"

मंग पोट्टे आले, रांगेनं, पुढे नानाजी. अंगनातच त्यायच्यासाठी दरी, म्हंजे सतरंजी, अंथरली होती. मी उठून भिंतीवरून पाह्यलं. नथ्थू मधात कुठीतरी, धुतलेली टोपी घालून. मले वाटलं हाक मारावी. मंग वाटलं, नको, साऱ्यायसमोर मास्तर त्याच्यावर ओरडन, अन् दहा-पाच हार अन् एका भाषनाचा त खेळ हाये, हे लोक जातीन अन् मंग डॉक्टर मोकळा होईन. असं म्हनून मी खाली बसली. तिथं मी मूर्खपना केला, पन मोठ्या लोकायच्या कार्यक्रमाले गरीब मानूस असाच मान देते, अन् ते लोक त्याच्यावरच जगतात.

भाषन सुरू झालं. सरलं नाई. डॉक्टर मानूस तसा तरना, चष्मा, बूट, गळ्यात दोन हार. त्यानं रुग्नसेवा म्हंजे काय ते सांगतलं. दिवस असो रात्र असो, गरीब असो श्रीमंत असो, डॉक्टर धावून जाते म्हने. भिंतीमांगं आमी ते सारं ऐकलं. डोक्सं फुटलेला मानूस मले म्हने, "बाई, हा कोनत्या गावच्या डॉक्टरचं सांगून राह्यला?"

मंग नानाजीले आठवलं का हुकमात काम दाखवा असं लिवलं हाये.

"साहेब, मुलांना प्रत्यक्ष उपचार पाहायला मिळाले असते तर बरं झालं असतं. एखादा रुग्ण..."

डॉक्टर घोटाळला. सारे रुग्न त्यानंच भिंतीमांगं टाकले. आता कोनी बी म्हनलं असतं, जा रे, एकाले आत आन. पन एकदा साफ केलेला दवाखाना परत कोन घान करन? अन् पाव्हन्यासमोर? डॉक्टरनं इकडेतिकडे पाह्यलं अन् म्हनलं, "बाबूसिंग, झोप."

बाबूसिंग फेट्यासकट अंगनात मांडलेल्या खाटेवर झोपला. मी भिंतीवरून पाहून राह्यली होती, खोटं सांगत नाई. डॉक्टरनं त्याचा चांगला धडधाकट डावा पाय हातात घेतला, कापसानं पुसला, लाल दवाई लावली अन् पोरायले सांगतलं, "समजा, या माणसाच्या पायाला जखम झाली आहे. समजा, ती चिघळली आहे." बाबूसिंगनं बी मंग कन्हाचं सोंग केलं. मास्तर खुश, पोट्टे खुश.

"आता पट्टी कोण बांधतो?" डॉक्टरनं इचारलं.

नथ्थूचा हात वर गेला. माह्याच पोराचा. त्याले असल्या गोष्टीची हौस, बैलाच्या खुराले बी तोच फडकं बांधे. तो पुढे झाला अन् त्यानं बाबूसिंगच्या पायाले इतकी चांगली पट्टी बांधली, इतकी चांगली का साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं त्याची पाठ थोपटली. अन् भिंतीच्या इकडे त्याचा बाप तनसावर पडला होता. मले काय वाटलं ते तुमाले कसं सांगू. पोराचा अभिमान बी वाटला अन् त्याच टाळ्यायचा राग बी आला, दोन्ही एकाच घडीले.

तवाच मालक बोलाले लागले. डोळे मिटलेले, अन् हातानं कासरा धरल्यावानी, बैलायले हाक मारून राह्यले, "चल बावा, मांगं चल, मांगं चल." मोट हिरीत सोडताना बैलायले मांगं घ्या लागते ना, तेच. उन्हात पडून तापानं ते हिरीवर पोचले होते. मी पायावरचं फडकं वर केलं. लाली पिंढरीवर आली होती.

मंग मी बैल जुपले.

मनकर्णाबाई म्हने, "कुठी चालली वं?"

"शाळेत," मी म्हनलं.

फाटकावर कोनी नव्हतं, चपराशी त आत बिमार पडला होता. बंडी कमानीखालून गेली नाई, वरचा साटा उंच, बाजूच्या धुऱ्या रुंद. कमान मोडली अन् बैलायच्या शिंगावर आली. झेंडू घेऊनच आमी आत गेलो, पोरायच्या दरीपर्यंत. पोट्टे इकडेतिकडे पळाले. एक बैल तिथंच कमानीचे पानं खाले लागला.

डॉक्टर ओरडला, "ए बाई, काय चाललं आहे? आज कार्यक्रम आहे. उद्या ये."

"साहेब," मी म्हनलं, "समजा-समजाचा पाय झाला असन त आता हा पाहा. याच्यात समजाचं काई नाई." अन् मी फडकं काढलं.

वास साऱ्या अंगनात गेला. पोट्ट्यायनं नाकं धरले. नानाजीनं पांढरं उपरनं नाकाले लावलं अन् मांगं सरले. नथ्थूनं बाप ओळखला. तो रांगेतून निघाला त मास्तर उपरन्याच्या आतून म्हन्ते, "नथ्थू, रांग मोडू नकोस."

जन्मात पहिल्यांदा माह्या पोरानं मास्तरचं ऐकलं नाई.

डॉक्टरचं एक सांगते, खोटं कायले बोलू. पाय पाह्यला अन् त्याचं तोंड बदललं. हार काढून फेकले, बाह्या वर केल्या. "उचला याला. टेबलावर घ्या. बाबूसिंग, गरम पाणी!" पन बाबूसिंग कसा उठन? नथ्थूनं पट्टीच अशी बांधली होती, तळव्यापासून घोट्याच्या वर, का त्याले पाय टेकवता येईना. तो एका पायावर उड्या मारत पान्याकडे गेला. दुसऱ्या कोन्या दिवशी मी पोट धरून हसली असती.

डॉक्टर पायावर वाकून म्हने, "बाई, आधी आणायचं होतं. निदान सकाळी तरी आणलं असतं. आता दोन बोटं जातील. पाय राहिला तर नशीब."

"सकाळीच आनलं साहेब," मी म्हनलं. "भिंतीमांगं होतो. तुमचं भाषन पुरं ऐकलं."

त्यानं चाकू उकळाले टाकला.

आता ऐका, यासाठी मी सारी गोष्ट सांगून राह्यली. दवाखान्यात त्या दिवशी पहिल्यांदा काम सुरू होऊन राह्यलं होतं. डॉक्टरच्या हातात चाकू, टेबलावर खरा मानूस, खरा पाय. जे पाहून पोरायले कळावं का डॉक्टर म्हंजे काय, ते आता समोर होतं. अन् त्याच घडीले नानाजीनं टाळी वाजवली.

"चला मुलांनो, रांगेत या. दवाखाना पाहून झाला."

पोट्टे गेले. शाळेत त्यायच्यासाठी चिवडा केला होता म्हने. राह्यला एक नथ्थू. त्यानं बापाचा पाय धरला, गुडघ्याच्या वर, दोन्ही हातानं, अन् डॉक्टर म्हने तसा धरून ठेवला. मालक किंचाळले तवा बी त्यानं हात सोडला नाई. मी बाहेर ओट्यावर बसली होती, मले आतमधी राहवलं नाई. बुढी मनकर्णाबाई माह्या पाठीवरून हात फिरवे अन् खोके. बाबूसिंग पायाची पट्टी सोडत माह्या बाजूले बसला. पट्टी सुटली तवा म्हने, "बाई, माफ करजो." तवा माह्याजवळ द्याले माफी नव्हती.

दोन बोटं गेले. पाय वाचला. ताप उतराले वेळ लागला, पन मानूस राह्यला.

होळीच्या आधी शाळेत डिप्टीसाहेब आले, वऱ्हाडातल्या साऱ्या शाळा तपासनारे. मास्तरनं हारासाठी निरोप धाडला. मी सांगतलं, झेंडू सरला. वाफा पिवळाधमक फुललेला होता अन् निरोप घेऊन आलेला मानूस त्याच्याच बाजूले उभा होता. तो काय समजाचं ते समजला.

मायबापायले बी बोलावलं होतं. मालक काठी टेकत आले. आमी मांगं भुईवर बसलो, त्यायच्या पायाले फडकं गुंडाळलेलं. पुढे खुर्च्यावर तालुक्यातले मोठे लोक. ते हार घालाले अन् घालून घ्याले आलेले. डॉक्टर आला नाई, त्याले काम हाये म्हने. खुर्च्या मांडाले त्यानं बाबूसिंगले धाडलं होतं, तो दाराशी उभा, दोन्ही पायावर.

पाटलाच्या जगदेवनं निबंध वाचला. दवाखान्यात एक जखमी मानूस कसा आला, त्याचा पाय कसा चिघळला होता, डॉक्टरसाहेबानं तात्काळ औषध कसं लावलं, अन् तो मानूस कसा त्याच घडीले चालत गेला. शब्द मोठेमोठे, आवाज खनखनीत. बाबूसिंग भिंतीकडे तोंड करून उभा राह्यला. डिप्टीसाहेबानं मान डोलावली अन् जगदेवले बक्षीस देल्लं. नानाजीच्या डोळ्यात पानी आलं, निबंध त्यायचाच होता म्हून.

मंग डिप्टीसाहेबानं एकेका पोराले इचारलं, काय व्हायचं हाये. जगदेव डॉक्टर होनार. एक तहसीलदार. एक जिनाचा मॅनेजर. कोनाले बी इचारलं नाई का तो मानूस दिवसभर करते काय. इचारलं असतं त एकच उत्तर आलं असतं, का बसते.

नथ्थू मांगच्या बाकावर होता.

"आणि हा?" साहेबानं इचारलं.

"साहेब, हा त्या दिवशी रांग मोडून गेला," नानाजी म्हने. "यानं दवाखान्याची भेट पूर्ण केली नाही."

"अरे रे. मग याला कसं कळणार? सांग बाळ, तुला काय व्हायचं आहे?"

नथ्थू उभा राह्यला. "मले बाबूसिंग चपराशी व्हायचं हाये."

सारी शाळा हसली. डिप्टीसाहेब बी हसले. "चपराशी? का रे?"

"त्याचा पाय दुखत नव्हता, तरी त्याले आंदर घेतलं."

हसनं कमी कमी होत गेलं. साहेबाले काई समजलं नाई, त्यायनं मास्तरकडे पाह्यलं. नानाजी घाईघाईनं म्हने, "माळ्याचा मुलगा आहे साहेब. कुठं काय बोलावं ते कळत नाही. बस रे खाली."

नथ्थू बसला नाई. अन् माह्या बाजूले मालक उठून राह्यले होते. मी त्यायचं धोतर धरलं, म्हनलं, "अवो, राहू द्या." हा मानूस गावच्या पंचायतीत कदी बोलला नाई, सोयरिकीत बोलला नाई. त्यायनं माहा हात सोडवला. काठी टेकत, दरीवरून, खुर्च्यायच्या मधून ते पुढे गेले. टेबलापुढं एक पायरी होती. तिच्यावर त्यायनं डावा पाय ठेवला, वाकून फडकं सोडलं.

"साहेब," ते म्हनले, "माह्या पोरानं दवाखान्यात हे पाह्यलं. बाकीच्यायले दाखवाचं राह्यलं होतं. पाहून घ्या."

पाय त्या दिवशी मी सोता गरम पान्यानं धुतला होता. जखम भरून आलेली, चामडं कोरडं, वर थोडी हळद. वास म्हनाल त कायचाच नव्हता.

डिप्टीसाहेबानं खिशातून रुमाल काढला अन् नाकाले लावला.